शेतघराचा रस्ता, अंगण आणि बाग: खडी-मुरूम किती ब्रास लागेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रासचा हिशेब नेमका कसा करायचा?

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी आणि रुंदी फुटात घ्या, जाडी इंचात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १२०० ने भागा. आलेला आकडा ब्रासमध्ये असतो.

यातून एक सोपी खूण मिळते. १२०० चौरस फुटांवर एक इंच थर म्हणजे बरोबर एक ब्रास. १२० फूट लांब आणि १० फूट रुंद रस्ता असेल, तर प्रत्येक इंचाला एक ब्रास धरायचा. गुंठा १०८९ चौरस फुटांचा असतो, म्हणजे गुंठाभर जागेवर इंचाला ०.९ ब्रास.

पण हा आकडा दबलेल्या, पक्क्या झालेल्या थराचा आहे. ट्रकमधून येतो तो माल सुटा असतो. बहुतेकांचा माल कमी पडतो तो इथेच, गुणाकारात नाही.

सुटा माल दबून किती कमी होतो?

मुरूम, जीएसबी (रस्त्याच्या खालच्या थरासाठीचा मिश्र खडीचा माल) आणि जाड-बारीक एकत्र असलेली खडी यांसाठी पक्क्या आकड्याला १.३ ने गुणा. चार इंच पक्का थर हवा असेल, तर सुटा माल सव्वापाच इंच पसरावा लागतो. नुसती जाड खडी रोलरखाली दाबायची असेल, तर सरकारी रस्त्यांच्या मानकांत १० चौरस मीटरवर १०० मिलिमीटर पक्क्या थराला १.२१ ते १.४३ घनमीटर सुटी खडी धरतात. म्हणजे गुणक १.२ ते १.४ यांच्या मध्ये. १.३ हा त्यातला मधला आकडा.

बागेत शोभेसाठी नुसते पसरायचे गोटे दाबत नाहीत. तिथे हा गुणक लावू नका, ५ टक्के जास्तीचे पुरेसे आहेत.

तयार उदाहरण द्याल का?

काळ्या जमिनीत १२० फूट लांब, १० फूट रुंद रस्ता करायचा आहे. कार रोज जाणार आणि अधूनमधून ट्रॅक्टर. तीन थर घेऊ.

खाली सहा इंच मुरूम. खालचा थर दोन्ही बाजूंना अर्धा फूट जास्त असावा, म्हणून रुंदी ११ फूट. १२० × ११ × ६ ÷ १२०० = ६.६ ब्रास पक्का. १.३ ने गुणून सुटा ८.६ ब्रास.

मध्ये चार इंच ४० ते ६० एमएमची खडी. १२० × १० × ४ ÷ १२०० = ४ ब्रास पक्की, सुटी ५.२ ब्रास. या खडीच्या पोकळ्या भरायला मुरूम किंवा कच (खडी फोडताना क्रशरवर निघणारा बारीक चुरा) लागतो, खडीच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. म्हणजे आणखी एक-सव्वा ब्रास. हा भाग अंदाजपत्रकात हमखास विसरला जातो, आणि मग वरच्या थरातला माल खाली पोकळ्यांत उतरतो.

वर दोन इंच १० ते १२ एमएमची खडी आणि कच यांचे मिश्रण. दोन ब्रास पक्के, थर पातळ म्हणून १.२५ धरा. सुटे अडीच ब्रास.

मागणी अशी जाईल: मुरूम १० ब्रास (पोकळ्या भरायचा धरून), जाड खडी साडेपाच ब्रास, वरचे मिश्रण पावणेतीन ब्रास. सांडणे, कडेला पसरणे आणि मोजमापातली चूक यांसाठीचे सुमारे ५ टक्के यात आले. त्याहून जास्त मागवू नका. उरलेला ढीग पावसाळ्यात गवताखाली जातो आणि पुन्हा कामाला येत नाही.

मग १२ इंच खोल खोदायचे का?

नाही. तीनही थर मिळून १२ इंच होतात हे खरे, पण तेवढेच खोदले तर रस्ता जमिनीच्या पातळीत राहील आणि शेतातले पाणी त्यावर येऊन बसेल. आठ इंच खोदा, रस्ता चार इंच वर राहू द्या. १२० × ११ × ८ इंच म्हणजे ८.८ ब्रास माती निघेल. खोदलेली माती फुगते, ती ११ ब्रासपेक्षा जास्तच भरेल. जेसीबी लावण्याआधी ही माती कुठे टाकायची ते ठरवा. वरची सुपीक काळी माती बांधावर किंवा बागेत घाला, रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवू नका. पहिल्या पावसात ती वाहून खडीत शिरते.

कोणत्या जमिनीला किती जाडी?

मुरमाड किंवा खडकाळ माळ असेल तर वरची माती खरवडून चार ते सहा इंच पुरतात. काळ्या चिकण जमिनीत जाडी १२ इंचांपेक्षा कमी ठेवू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ओली असताना खडी अक्षरशः गिळते: चाकाच्या दाबाने दगड खाली जातो, चिखल वर येतो.

शंका असेल तर चांगला पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहार घेऊन रस्त्याच्या रेषेवर दर २० फुटांवर टोचून पाहा. अंगाचा भार टाकून पहार फूटभर सहज गेली, तर ती जागा पोची आहे. तेवढ्याच पट्ट्यात खोली वाढवा, सगळीकडे वाढवायची गरज नसते.

पाण्याचा टँकर किंवा बोअरवेलची गाडी येणार असेल तर वरचा हिशेब अपुरा आहे. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसते पाणीच १० टन असते. अशा वेळी मुरमावर नऊ इंचांचे डबर सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा रचलेला थर, करून मग खडी टाकतात. दगड हाताने, रुंद बाजू खाली ठेवून उभे रचायचे आणि फटीत चिपा ठोकायच्या. ट्रकमधून ओतून जेसीबीने ढकललेले डबर म्हणजे सोलिंग नव्हे. ते वर्षभर हलत राहते आणि वरची खडी फटींतून खाली जाते.

क्रशरवाले टनात भाव सांगतात, मुरूमवाला ब्रासमध्ये. मेळ कसा घालायचा?

आपल्याकडच्या काळ्या दगडाची २० एमएम खडी कोरडी आणि सुटी असताना ब्रासला साधारण ४.१ ते ४.५ टन भरते. क्रश सँड आणि कच जड, ४.५ ते ५ टनांपर्यंत. मुरूम मात्र खाणीगणिक बदलतो आणि ओलाव्यानुसारही, त्यामुळे त्याचा भाव टनात ठरवणे टाळा. घनमीटरचा भाव आला तर लक्षात ठेवा: एक ब्रास २.८३ घनमीटर.

नेमका आकडा हवा असेल तर २० लिटरची बादली त्याच मालाने काठोकाठ भरा, वर फळी फिरवून सपाट करा, वजन करा आणि बादलीचे वजन वजा करा. किलोंना १४१.६ ने गुणले की ब्रासचे वजन मिळते. ३० किलो भरले तर ब्रास ४,२४८ किलोंचा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि दोन क्रशरच्या भावांची तुलना यापेक्षा चोख होत नाही.

पावसात भिजलेला माल घ्यावा का?

खडी भिजली तरी फार फरक पडत नाही, पाणी निथळून जाते. बारीक मालाचे दोन उलटे घोटाळे आहेत. वजनावर घेतला तर पाण्याचे पैसे जातात. मापावर घेतला तर ओलसर क्रश सँड फुगलेली असते. पाच-आठ टक्के ओलावा असताना ती २० ते ३० टक्के जास्त जागा व्यापते, म्हणजे ब्रासभर घेतलेली वाळू वाळल्यावर पाऊण ब्रास उरू शकते. शक्य असेल तर बारीक माल कोरडा घ्या.

गाडीतला माल खरोखर तेवढा आहे हे कसे तपासायचे?

हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि उंची फुटात मोजा, गुणाकाराला १०० ने भागा. बाहेरून मोजू नका. जॅकची पेटी पुढच्या बाजूने आत आलेली असते, तिचे घनफळ वजा करा. मग गाडीवर चढून पातळ सळई चार कोपरे आणि मध्यभाग अशी पाच ठिकाणी तळापर्यंत घाला, माल किती इंच आहे ते पाहा आणि सरासरी काढा. मधला शेंडा पाहून भुलू नका, कोपरे बहुतेकदा रिकामे असतात.

दहा टायरच्या हायवाचा (माल ओतणाऱ्या टिपर ट्रकचा) हौदा १५ × ७.५ × ४.५ फूट असेल तर तो पाच ब्रासचा झाला. पण २०१८ मध्ये वाढवलेल्या मर्यादेतही दहा टायरच्या ट्रकचे मालासकट एकूण वजन २८.५ टन आहे. रिकामी गाडी ११-१२ टनांची, म्हणजे १६-१७ टन माल, म्हणजे खडी चार ब्रासच्या आतबाहेर. ‘पाच ब्रासची गाडी’ असे कोणी म्हणाले तर एकतर ती जास्त भार घेऊन येणार किंवा चारच ब्रास आणणार. ट्रॅक्टरची ट्रॉली तर सरळ मोजूनच घ्या. १० × ६ फूट आणि दीड फूट उंच ट्रॉलीत ९० घनफूट बसतात, आणि तिलाही सर्रास ब्रास म्हणतात.

रस्त्याने हादरे बसून माल खाली बसतो. काठापासून दोन इंच खाली दिसला तर लगेच भांडण काढायचे कारण नाही, पण अर्धा फूट खाली असेल तर नक्की विचारा.

माल ओतून झाला. आता ढिगावरून अंदाज येईल का?

येतो, दहा टक्के इकडेतिकडे. ढिगाच्या पायथ्याभोवती टेप फिरवा. घेराचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३७.७ केले की घनफूट मिळतात. घेर ५० फूट आणि उंची ५ फूट असेल तर ३३२ घनफूट, म्हणजे ३.३ ब्रास. ढीग लांबट पडला असेल तर हे सूत्र चुकते. म्हणून मोजायचे ते गाडीतच.

रस्ता वळणदार आहे, फाटकाजवळ पसरट आहे. क्षेत्रफळ कसे काढू?

मधल्या रेषेवरून दोरी टाकून लांबी मोजा. दर १० फुटांवर रुंदी घ्या, सगळ्या रुंदींची सरासरी काढा आणि लांबीने गुणा. फाटकाजवळची पसरट जागा आणि गाडी वळवायची जागा वेगळी मोजा. तिथे चाक जागेवर फिरते, खडी सगळ्यात जास्त तिथेच उखडते. त्या भागात एक-दोन इंच जाडी वाढवलेली बरी.

मध्ये उंचवटा ठेवायचा म्हणजे माल वाढतो का?

वाढतो, आणि तो कुणी धरत नाही. खडीच्या रस्त्याला मधून कडेकडे साधारण ४ टक्के उतार लागतो. १० फूट रुंदीत मध्यापासून कडेपर्यंत ५ फूट, म्हणजे मध्यभागी २.४ इंच उंची. सरासरी १.२ इंच. आपल्या १२०० चौरस फुटांच्या रस्त्यावर पक्का १.२ ब्रास, सुटा दीड ब्रास जास्तीचा. हा खर्च टाळायचा असेल तर खोदतानाच तळाला तसा बाक द्या. मग प्रत्येक थर एकसारख्या जाडीचा राहतो, माल वाढत नाही आणि आत मुरलेले पाणीही कडेला निघून जाते. जेसीबीवाल्याला हे आधी सांगावे लागते, नाहीतर तो तळ टेबलासारखा सपाट करून देतो.

नुसती २० एमएम खडी टाकली तर?

सर्वांत जास्त होणारी चूक. ती सहज मिळते, दिसते छान, आणि महिन्याभरात चाकोऱ्या पडतात. एकाच मापाचे दगड एकमेकांत अडकत नाहीत, त्यांना धरून ठेवायला बारीक माल लागतो. वरच्या थरात दोन भाग १० ते १२ एमएमची खडी आणि एक भाग कच असे मिश्रण पाणी मारून दाबले की तो थर घट्ट बसतो. नदीतले गुळगुळीत गोटे तर गाडीच्या रस्त्यावर नकोच. ते दबतच नाहीत, चाकाखालून निसटतात.

मुरूम चांगला की माती, हे कसे ओळखायचे?

मूठभर ओला करून दाबा. कणकेसारखा गोळा होऊन बोटांना चिकटला तर ती रंगीत माती आहे. दुसरी परीक्षा बाटलीची: पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा मुरूम आणि वर पाणी घालून जोरात हलवा, रात्रभर ठेवा. खाली रेव बसते, वर मऊ गाळ. गाळाचा थर एकूण थराच्या चौथ्या हिश्शाहून जाड असेल तर ती गाडी परत पाठवा. थोडा चिकटपणा मात्र हवाच, नाहीतर मुरूम उन्हाळ्यात धूळ होऊन उडतो.

दबाई किती आणि कशी?

आठ-दहा टनांचा व्हायब्रेटरी रोलर असेल तर एका वेळी सहा इंचांपर्यंतचा थर. हातातला प्लेट कॉम्पॅक्टर असेल तर तीन-चार इंच, त्याहून जाड थर वरून घट्ट आणि आतून पोकळ राहतो. रोलर कडेकडून मध्याकडे आणायचा. मुरूम ओलसर असावा, मुठीत गोळा होईल पण पाणी सुटणार नाही इतका. जाड खडी आधी कोरडी दाबायची, मग मुरूम पसरून, झाडूने फटीत घालून, पाणी मारत पुन्हा दाबायची. ट्रॅक्टर फिरवून दबाई झाली असे समजू नका. त्याचे चाक दोन पट्ट्यांतच दाबते आणि मधला भाग सुटा राहतो.

खाली कापड अंथरायला सांगतात. गरज आहे का?

काळ्या जमिनीत आहे. २०० जीएसएमचे न विणलेले जिओटेक्स्टाईल मातीवर, मुरमाच्या खाली घाला. जोडावर एक फूट, पोच्या जागी दोन फूट एकावर एक येऊ द्या. मागणी करताना हे जोड धरा. कापडामुळे थराची जाडी कमी करता येत नाही, टाकलेला माल चिखलात जाण्याचे तेवढे थांबते. प्लास्टिकचा कागद मात्र नको, त्यावर पाणी साचते. मुरमाड जमिनीत हा खर्च वायफळ.

कोकणात आणि गोव्यात हाच हिशेब चालेल का?

गुणाकार तोच. पण जांभ्याच्या कातळावर खालचा मुरूम बहुधा लागतच नाही, माती खरवडली की पक्का तळ मिळतो. अडचण पाऊस आणि चढाची आहे. आठ फुटांत एक फुटापेक्षा जास्त चढ असेल तर सुटी खडी टिकत नाही, दर पावसाळ्यात ती खाली फाटकाशी गोळा होते. तेवढ्या चढावर चाकांपुरते काँक्रीटचे दोन पट्टे किंवा चिऱ्यांची फरसबंदी करा, खडी सपाट भागापुरती ठेवा. कडेला चिरे उभे गाडले तर खडी पसरत नाही.

कडेच्या चरात खडी भरायची असेल तर ती वेगळी मोजा. एक फूट रुंद, दीड फूट खोल, १२० फूट लांब चराला १.८ ब्रास ४० एमएम खडी लागते. ती धुतलेली, कच नसलेली हवी. आत चार इंची पाईप टाकला तरी हिशेबात जेमतेम १० घनफूट कमी होतात.

जुन्या रस्त्यावर भर टाकायची आहे. किती?

दोन्ही कडांना खुंट्या ठोकून हव्या त्या पातळीत दोरी ताणा. दर १० फुटांवर मध्ये आणि दोन्ही चाकोऱ्यांत दोरीपासून खोली मोजा. सरासरी दीड इंच आली तर १२०० चौरस फुटांना दीड ब्रास, सुटा १.९. टाकण्याआधी जुना पृष्ठभाग दोन इंच उकरून ओला करा, नाहीतर नवा थर जुन्यावरून सरकतो. खड्ड्यात नुसती खडी भरणे म्हणजे पैसे फेकणे. खड्डा पडतो तो पाणी थांबल्यामुळे. त्याच्या कडा सरळ कापा, ओला चिखल काढा, पाण्याला वाट द्या, मग भरा.

बागेतल्या गोट्यांचा हिशेब किलोत कसा?

दोन इंच थराला चौरस फुटामागे साधारण ७ किलो. ५० किलोंची गोणी ७ चौरस फूट झाकते. थराची जाडी दगडाच्या मापाच्या किमान दुप्पट हवी, नाहीतर खालची माती दिसते. झाडाच्या खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा.

गच्चीवर टाकायचे असतील तर आधी वजन पाहा. दोन इंच गोटे म्हणजे चौरस मीटरला सुमारे ७५ किलो. वावरण्याजोग्या गच्चीसाठी भारतीय मानकात साधारण १५० किलो भार धरलेला असतो, त्यातला निम्मा इथेच संपला, कुंड्या आणि माणसे अजून यायची आहेत. गोण्या वर नेताना एका जागी रचू नका. जुन्या स्लॅबसाठी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

कागदपत्र काय मागायचे?

खडी, मुरूम, डबर ही गौण खनिजे आहेत. गाडीबरोबर वाहतुकीचा पास असतो, त्यावर वाहन क्रमांक आणि परिमाण असते. ते गाडीशी जुळवून पाहा आणि प्रत ठेवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) नुसार बेकायदा उत्खनन आणि वाहतुकीला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. स्वतःच्या शेतातून मुरूम काढायचा असला तरी आधी तहसील कार्यालयात विचारा.

काम कधी काढावे?

दिवाळीनंतर ते मे मध्यापर्यंत. पावसाळ्यात खाणींत पाणी भरते, भाव चढतात आणि मालाची गाडीच तुमच्या रस्त्यात रुतते. घाई नसेल तर मुरूम आणि जाड खडी उन्हाळ्यात दाबून घ्या, एक पावसाळा जाऊ द्या, कुठे बसते ते दिसेल. तिथे भर घालून वरचा दोन इंचांचा थर दिवाळीनंतर टाका. त्यासाठीचे पावणेतीन ब्रास आधी आणून ठेवू नका. तेव्हाच मोजून मागवा.